लाईट गेली की लॅपटॉपचं वायफाय का जातं?

आचऱ्याला माझ्या तात्यामामाचं घर आहे. मागच्या दोन खोल्या तो पर्यटकांना देतो आणि त्यांचं बुकिंग, किराणा-मासळीचा हिशेब सगळं एका जुन्या लॅपटॉपवर ठेवतो. दोन वर्षांपूर्वी त्यावर मी विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स टाकून दिलं, तेव्हापासून यंत्र मुकाट्याने चाललं होतं. जूनमध्ये पावसाने जोर धरला आणि मामाचा फोन आला.

"लाईट गेली की ह्येचा वायफाय पण जाता. राउटर इन्व्हर्टरवर आसा, मोबायलाक नेट गावता, मगे ह्येकाच काय झाला?"

पावसाळ्यात लाईट जाणं ही काही आमच्याकडे बातमी नव्हे. पण राउटर चालू, फोन चालू आणि लॅपटॉपचंच वायफाय गायब, हे विचित्र होतं. वर लाईट आली तरी ते परत येत नसे. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला की मगच यायचं. मी फोनवरूनच इन्व्हर्टरवर संशय घेतला. मामाने इन्व्हर्टरवाल्याला बोलावलं. त्याने बॅटरीत पाणी घातलं, चहा घेतला, पैसे घेतले आणि गेला. वायफाय होतं तसंच.

शेवटी शनिवारी कणकवलीहून गाडी काढली आणि गेलो. मग दुखणं शोधायला लाईट जायची वाट बघत बसलो. रोज न विचारता जाणारी लाईट त्या दिवशी काही केल्या जाईना. मामीने दुसऱ्यांदा घावणे वाढले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की लाईट जाणं म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीने चार्जर निघणं. मी चार्जर उपटला. दोन-तीन मिनिटांत वायफाय गेलं.

म्हणजे भानगड इन्व्हर्टरची नव्हती, राउटरची नव्हती आणि आभाळाचीही नव्हती. ती लॅपटॉप बॅटरीवर गेल्यावर काय करतो यात होती. इथून पुढची गोष्ट आहे लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसलेल्या वायफाय ड्रायव्हरची आणि तो धडधाकट राहावा म्हणून राबणाऱ्या मोजक्या माणसांची.

लॅपटॉपच्या पोटात वायफायचं एक कार्ड असतं. आजकालचं बहुधा 22 बाय 30 मिलिमीटरचं, काडेपेटीहून लहान. त्याला आपण 'पार्ट' म्हणतो, पण खरं तर तो आपल्या लॅपटॉपच्या आत बसलेला दुसरा छोटा संगणक आहे. त्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची मेमरी आहे आणि रेडिओ आहे. त्या प्रोसेसरवर जो प्रोग्रॅम चालतो तो फर्मवेअर. बऱ्याच कार्डांना तो प्रोग्रॅम कायमचा साठवायला जागाच नसते. त्यामुळे लॅपटॉप सुरू झाला की कर्नल डिस्कवरची फर्मवेअरची फाईल उचलतं आणि कार्डात ओततं. रात्री झोपलं की सगळं विसरायचं, सकाळी पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, असा त्याचा जन्म.

कार्ड आणि कर्नल यांच्या मधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. कर्नल म्हणतं, "माहितीचं हे पाकीट पाठव." ड्रायव्हर ते मेमरीत ठरल्या जागी मांडतो, कार्डाच्या ठरल्या कप्प्यात ठरला आकडा लिहितो आणि कार्ड काम झाल्याची हाक देईपर्यंत हिशेब सांभाळतो. कुठल्या कार्डाला कुठला दुभाष्या द्यायचा, ते कार्डाच्या ओळख-क्रमांकावरून ठरतं. प्रत्येक कंपनीला एक आकडा असतो. इंटेलने स्वतःसाठी 8086 घेतलाय, 1978 सालच्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरची आठवण म्हणून.

आता फर्मवेअरचा स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, सहसा कंपनी दाखवत नाही. फाईल बंद पाकिटात मिळते, वापरायची, उघडायची नाही. ड्रायव्हर मात्र उघडा असतो, कोणीही वाचावा. म्हणजे दुभाष्याची एक भाषा सगळ्या गावाला येते आणि दुसरी फक्त त्याला नि कंपनीला. त्याची निगा राखणं कटकटीचं का होतं, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

मामाच्या लॅपटॉपचं दुखणं झोपेचं होतं आणि ही झोप जरा सावकाश समजून घेण्यासारखी आहे. वायफायचा रेडिओ सतत कान टवकारून बसला तर बॅटरी खातो. म्हणून वायफायच्या नियमांतच डुलकीची सोय आहे. राउटर ठरावीक वेळाने, सहसा दर 102.4 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, एक आरोळी देतो. तिला बीकन म्हणतात. लॅपटॉप राउटरला सांगून ठेवतो, "मी जरा पडतो, माझं काही आलं तर ठेवून दे." राउटर त्याची पाकिटं बाजूला ठेवतो आणि प्रत्येक आरोळीत एक यादी वाचतो, कोणाकोणाचं सामान आलंय त्याची. एसटी स्टँडवर कंट्रोलर पार्सलवाल्यांची नावं पुकारतो, तशीच. लॅपटॉप नेमका आरोळीच्या क्षणाला डोळा उघडतो, यादीत आपलं नाव आहे का ऐकतो, नसेल तर पुन्हा आडवा. हे सेकंदाला दहादा चालतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

ही झाली रेडिओची झोप. तिच्या खाली आणखी एक झोप असते. कार्ड मदरबोर्डला ज्या तारांनी जोडलेलं असतं, त्या पीसीआय एक्सप्रेस नावाच्या जोडणीलाही काम नसताना निजवता येतं. पुन्हा काम आलं की ती मायक्रोसेकंदांच्या हिशेबात जागी व्हायला हवी. बहुतेक ठिकाणी होते. पण कार्ड एका कंपनीचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा, बायोस, म्हणजे लॅपटॉप लावताच सगळ्यांत आधी चालणारा प्रोग्रॅम, तिसऱ्याने लिहिलेला. एखाद्या मॉडेलवर या तिघांचं जमत नाही आणि निजलेली जोडणी उठतच नाही. तेव्हा ड्रायव्हर कार्डाचा कप्पा वाचायला जातो आणि त्याला सगळ्या बिटांच्या जागी नुसते 1 हेच आकडे दिसतात. पलीकडे कोणी उत्तर द्यायला नाही याची ती खूण. कर्नलची नोंदवही उघडली तर मामाच्या लॅपटॉपमध्ये हेच चाललं होतं. आधी फर्मवेअर झोपेतून उठत नसल्याची तक्रार, मग आज्ञा पोचत नसल्याची आणि मग नुसतं ते एकांचं भजन.

चार्जर निघाला की लॅपटॉपमधला वीज वाचवणारा प्रोग्रॅम दोन्ही झोपा गाढ करत होता. लाईट आणि वायफाय यांचं नातं हे असं होतं.

पण दोन वर्षं ठीक चाललेलं आताच का बिघडलं? मामाने मध्ये सगळे अपडेट घेतले होते, त्यात नवं कर्नल आलं होतं. सुरुवातीच्या मेनूमधून जुनं कर्नल निवडलं तर चार्जर काढूनही वायफाय टिकून राहिलं. असं काही झालं की हा प्रयोग सगळ्यांत आधी करावा. त्याने निम्मं जंगल साफ होतं.

लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. प्रत्येकीत दहा-पंधरा हजार बदल असतात. त्यातला घातकी बदल कसा शोधायचा? निम्म्यावर तोडून. पहिले निम्मे बदल असलेलं कर्नल बनवायचं, लावून बघायचं. बिघाड दिसला तर चोर या अर्ध्यात, नाही तर त्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. पंधरा हजार बदलांतून अशा चौदा फेऱ्यांत एकावर येता येतं. गिट नावाचं साधन हा हिशेब आपोआप ठेवतं. मी शोध त्या ड्रायव्हरच्या फोल्डरपुरता ठेवला, तेव्हा सहा फेऱ्यांत भागलं. कर्नल कणकवलीत घरच्या संगणकावर बनवायचो, शनिवारी पेनड्राईव्हवर घालून आचऱ्याला. एकदा बनवता बनवता माझ्याकडचीच लाईट गेली. पण जेवढं झालं होतं तेवढं वाया जात नाही, पुढून सुरू होतं. एवढं सुख भाकऱ्यांच्या पिठातही नाही.

सापडलेला बदल बघून मात्र मी जरा वरमलो. त्यात चूक अशी काही नव्हती. कोणीतरी त्या कार्डाची गाढ झोप सरसकट चालू केली होती, कारण तिने बॅटरी जास्त टिकते. जगभर ते कार्ड असलेल्या असंख्य लॅपटॉपांचं त्यात भलंच होतं. वांधा फक्त मामाच्या मॉडेलचा झाला होता.

इथे ड्रायव्हर सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा असते. बदल मागे घ्यावा तर सगळ्यांची बॅटरी जाते. न घ्यावा तर कर्नलचा एक कडक दंडक मोडतो, की काल चालत होतं ते नव्या कर्नलने बंद पडता कामा नये. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स या एका बाबतीत कोणाचं काही ऐकून घेत नाहीत. 'तुमचंच मशीन वाईट' हे उत्तर तिथे चालत नाही.

मी सगळं लिहून तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मेन्टेनरला ईमेलने पाठवलं. कार्डाचा क्रमांक, लॅपटॉपचं मॉडेल, दोन्ही कर्नलच्या आवृत्त्या, नोंदवहीतल्या ओळी, सापडलेला बदल आणि 'चार्जर काढला की होतं' हे एक वाक्य. बाकी सगळ्यापेक्षा ते वाक्य कामाला आलं. ज्याला आपल्या टेबलावर बिघाड घडवून आणता येत नाही, त्याला तो नक्की कधी घडतो हे कळणं म्हणजे अर्धं औषध.

कारण मेन्टेनर म्हणवणाऱ्या माणसाकडे मामाचा लॅपटॉप नसतो. जगातले बहुतेक लॅपटॉप त्याच्याकडे नसतात. दूर कुठल्या देशात बसून तो आपल्या ईमेलमधल्या ओळींवरून नाडी बघतो. कर्नलच्या स्रोतात मेन्टेनर्स नावाची एक मोठी फाईल आहे. कुठला भाग कोणाच्या अंगावर, ते तिथे लिहिलेलं असतं आणि शेजारी त्या भागाची स्थिती. पगार घेऊन कोणी बघत असेल तर 'सपोर्टेड', आपखुशीने कोणी बघत असेल तर 'मेन्टेन्ड', सवड मिळाली तर बघू अशातला असेल तर 'ऑड फिक्सेस' आणि कोणीच वाली नसेल तर 'ऑर्फन'. अनाथ. सरकारी दप्तरात इतका प्रामाणिक शेरा मी तरी वाचलेला नाही.

वायफायची अवस्था एके काळी अनाथाश्रमासारखीच होती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिनक्सवर वायफाय चालवणं म्हणजे नवस बोलण्याचा प्रकार. कंपन्या फक्त विंडोजसाठी ड्रायव्हर द्यायच्या. मग एनडीआयएस-रॅपर नावाची एक युक्ती निघाली. ती विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये आणून त्याला विंडोजमध्येच असल्याचा भास करून द्यायची. चालायचं, पण आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नसे आणि बिघडलं की हात टेकायचे. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांसाठी काही जणांनी वेगळी वाट धरली. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते त्याचं फक्त वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता, त्या वर्णनावरून नवा लिहिला. नक्कल केल्याचा आळ येऊ नये म्हणून ही सोवळ्यातली पद्धत. 2006 मध्ये तो ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. फर्मवेअर वाटायची परवानगी तरीही नव्हतीच, ते विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून काढायचं एक साधन करावं लागलं.

पुढे वारं फिरलं. 2007 मध्ये सगळ्या ड्रायव्हरांना सामायिक असा वायफायचा पाया कर्नलमध्ये आला, मॅक-80211 नावाचा. जाळी शोधणं, जोडणं, किल्ल्या सांभाळणं ही कामं तो बघतो, त्यामुळे प्रत्येकाने आपापली चूल मांडायची गरज उरली नाही. 2008 मध्ये अथेरॉस या चिप-कंपनीने आपल्या नव्या चिपांचा उघडा ड्रायव्हर दिला आणि 2010 मध्ये खुद्द ब्रॉडकॉमनेही. त्या जुन्या ब्रॉडकॉम ड्रायव्हरपासून, 2005 मध्ये, लॅरी फिंगर नावाचे एक गृहस्थ या कामाला लागले. वय तेव्हा पासष्टीच्या आसपास. पुढे रिअलटेकचे ड्रायव्हरही त्यांनी सांभाळले, कोणाकोणाच्या अडल्या कार्डांची उत्तरं दिली, आणि हे जवळजवळ शेवटपर्यंत. 2024 च्या जूनमध्ये, 84 व्या वर्षी ते गेले. आमच्याकडे त्या वयाची माणसं सुपारीच्या बागेत शिंपणं सोडत नाहीत, जात तीच असावी. कर्नलमधल्या सगळ्या वायफाय ड्रायव्हरांचं दार अनेक वर्षं कॅले वालो या एका माणसाने राखलं. 2025 च्या सुरुवातीला ते बाजूला झाले आणि मॅक-80211 बघणारे योहानेस बर्ग यांच्या डोक्यावर तोही भार आला. जगातल्या कोट्यवधी यंत्रांचं वायफाय इतक्या थोड्या खांद्यांवर आहे, हे वाचलं की मला जरा धडकीच भरते.

ड्रायव्हर एकदा नीट लिहिला की झालं, असं का नाही? कर्नलच्या आतली रचना बदलत राहते म्हणून. बंदराच्या धक्क्याचा विचार करा. धक्का कर्नल, होड्या ड्रायव्हर. दर दोन-अडीच महिन्यांनी धक्क्याची उंची थोडी बदलते. नियम असा, की जो धक्का बदलेल त्यानेच आतल्या बाजूला बांधलेल्या प्रत्येक होडीची चढायची फळीही बदलून द्यायची. कर्नलच्या झाडात, म्हणजे त्याच्या सामायिक स्रोतात, असलेल्या ड्रायव्हरांना हे सुख मिळतं. जो ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर वेगळा पडलाय तो बाहेर नांगरलेली होडी. ती फिरून धक्क्याला आली की फळी तोकडी पडते आणि माणूस पाण्यात. बाजारातले स्वस्त यूएसबी वायफाय अडॅप्टर कर्नल अपडेटनंतर मरतात ते यामुळे. घेताना त्यातली चिप कुठली आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे का, एवढं पाहून घ्यावं.

चालतंय ते तसंच ठेवू, असंही म्हणता येत नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये मॅक-80211 मध्ये अशी भोकं सापडली, की आसपास बसलेल्या कोणी वेडीवाकडी बीकन सोडली तर जोडणी न करताही यंत्र कोलमडावं, प्रसंगी ताब्यात जावं. ती दुरुस्त झाली. पण अनाथ ड्रायव्हरात असं काही निघालं तर कोण बघणार? म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी, ज्यांची कार्डं आता कोणाच्या माळ्यावरही नसतील, असे कितीतरी जुने वायफाय ड्रायव्हर कर्नलमधून काढून टाकले गेले.

आणि एक भाग कायद्याचा, तो लोकांना सहसा माहीत नसतो. कुठल्या देशात कुठली वाहिनी वापरायची, किती जोराने बोलायचं, याची देशवार यादी लिनक्सबरोबर येते. आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये विनापरवाना झाला आणि 5 गिगाहर्ट्झचा बराचसा 2018 मध्ये. या 5 गिगाहर्ट्झमधल्या 52 ते 144 क्रमांकाच्या वाहिन्या रडारबरोबर वाटून घ्यायच्या असतात. तिथे राउटरने बोलण्याआधी निदान मिनिटभर ऐकायचं, रडारची चाहूल लागली तर जागा सोडायची. मालवणात एका लॉजवर फोनला दिसणारं वायफाय एका पाहुण्याच्या लॅपटॉपला मुळीच दिसत नव्हतं. राउटरने आपण होऊन 13 वी वाहिनी घेतली होती. आपल्याकडे ती चालते, अमेरिकेत वापरत नाहीत आणि लॅपटॉपमधलं कार्ड कारखान्यातूनच अमेरिकेच्या हिशेबाने बांधलेलं होतं. राउटर 6 व्या वाहिनीवर आणला, पाच मिनिटांचं काम. ड्रायव्हर बिचारा निर्दोष होता.

मामाच्या लॅपटॉपवर परत येतो. तीन दिवसांनी उत्तर आलं. बायोसमध्ये लॅपटॉपचं नाव नेमकं कसं लिहिलंय, अक्षर न् अक्षर, ते मागितलं होतं. पाठवलं. दुसऱ्या दिवशी एक छोटा बदल आला, 'हा लावून बघा' म्हणून. ड्रायव्हरमध्ये एक यादी असते, हट्टी यंत्रांची. ड्रायव्हर सुरू होताना बायोसमधलं नाव वाचतो, ते यादीत असेल तर त्या यंत्रापुरती जोडणीची गाढ झोप बंद ठेवतो. बाकीच्यांना तिचा लाभ चालूच. त्या यादीत मामाच्या मॉडेलची भर, इतकाच तो बदल. मोजून सात-आठ ओळी.

लावला, चार्जर काढला, वायफाय टिकलं. पूर्ण दिवस तसंच ठेवलं, रात्री झाकण बंद करून सकाळी उघडलं, तरी टिकलं. तसं कळवलं. मग त्या बदलाखाली लिहिणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही आणि 'टेस्टेड-बाय' म्हणून माझं नाव लागलं. तो आधी वायफायच्या झाडात गेला, तिथून नेटवर्कच्या, तिथून लिनस यांच्याकडे. बिघाड कुठल्या बदलाने आला होता त्याचा क्रमांक तळाशी लिहिलेला असल्यामुळे, आधीच्या चालू आवृत्त्यांतही तो पोचला. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या त्याच्या आसपास मामाच्या लॅपटॉपवर तो साध्या अपडेटमधून आला.

गणपतीत गेलो तेव्हा मामाला ती फाईल उघडून दाखवली.

"म्हणजे माझ्या लॅपटॉपाचा नाव थंय लिवलेला आसा?"

"तुझ्या एकट्याच्या नाही, त्या मॉडेलच्या."

त्याने चष्मा लावून ती ओळ वाचली. मग बोट वर सरकवलं. वर आणखी काही मॉडेलांची नावं होती, त्याने कधी न ऐकलेली. "आणि ही खंयची?" त्याने विचारलं. तेवढ्यात लाईट गेली. पडद्यावर वायफायची खूण तशीच होती आणि अंधारात मामा त्या नावांवरून बोट फिरवत राहिला, यांच्याकडे काय गेलं असेल ते बघत.